समुद्राच्या समतेत बौद्धवाडीचा रकाना कुठे आहे?

"समुद्र, हवामान बदल हे सगळं ठीक आहे, पण त्याचा आपल्या चळवळीशी काय संबंध?" हा प्रश्न मला चळवळीतल्याच मित्रांनी अनेकदा विचारला आहे. अत्याचाराच्या केसेस आहेत, शिष्यवृत्ती अडकल्या आहेत, आरक्षणावर रोज नवा हल्ला होतो आहे. अशा वेळी समुद्राचं तापमान मोजत कोण बसणार? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचं सविस्तर उत्तर द्यायला हवं.

आधी आपलीच आठवण जागी करू. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. ते महाड सावित्री नदीच्या काठावर आहे आणि सावित्री बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. पाणी निसर्गाचं असलं तरी ते कोणी प्यायचं हे माणसांनी ठरवलेलं असतं, हा धडा जगाला देणारी जागा कोकणातली आहे. दहा वर्षांनी, १९३७ मध्ये, बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं तेही याच कोकणासाठी. त्यामुळे किनारा, जमीन आणि पाणी हा विषय आपल्यासाठी नवीन नाही. मधल्या काळात आपण तो दुसऱ्यांच्या हातात सोडला, एवढंच.

आता हे "दुसरे" काय करत आहेत ते पाहू.

गेल्या पंधरा वर्षांत जगातल्या मोठ्या विद्यापीठांनी एकत्र येऊन समुद्रावर संशोधन करायला सुरुवात केली आहे. २०११ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात जपानच्या निप्पॉन फाउंडेशनच्या पैशातून 'नेरियस' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. प्रिन्स्टन, ड्यूक, स्टॉकहोम अशी विद्यापीठं त्यात होती. भविष्यात समुद्रात मासे किती राहतील, हा त्यांचा मूळ प्रश्न. त्यातूनच पुढे २०२० मध्ये अमेरिकेत सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात 'ओशन नेक्सस' हे केंद्र उभं राहिलं. दहा वर्षांसाठी ३ कोटी २५ लाख डॉलरची घोषणा झाली. नंतर हे काम ऱ्होड आयलंड विद्यापीठात गेलं. या केंद्राने प्रश्नच बदलला. समुद्र वाचवायचा तर कोणासाठी, आणि त्याची किंमत कोण मोजतो, असं ते विचारू लागले. त्याला त्यांनी 'ओशन इक्विटी' म्हटलं. आपण त्याला समुद्रावरची समता म्हणू.

हा बदल का झाला हे समजून घेणं महत्त्वाचं आहे. माणसाने वातावरणात सोडलेल्या वायूंमुळे जी जादा उष्णता साठली, तिच्यातली ९० टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली आहे. पाणी तापलं की मासे थंड पाण्याकडे, ध्रुवांच्या दिशेने सरकतात. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले विल्यम चेउंग आणि त्यांचे सहकारी यांनी २०१० च्या सुमारास हिशेब मांडला होता. तापमानवाढ अशीच चालू राहिली तर २०५५ पर्यंत उष्ण कटिबंधातल्या समुद्रात मिळू शकणारी मासळी ४० टक्क्यांपर्यंत घटेल आणि उत्तरेकडच्या थंड समुद्रात ती ३० ते ७० टक्के वाढेल, असा तो अंदाज. म्हणजे ज्यांनी धूर सोडला त्यांच्या समुद्रात मासळी वाढणार आणि ज्यांच्या घरात कालपरवा वीज आली त्यांच्या ताटातली मासळी जाणार. हा निव्वळ निसर्गाचा कोप नाही. यात कर्ता वेगळा आहे आणि भोगणारा वेगळा. आपल्याला ही मांडणी ओळखीची वाटायला हवी.

आपल्याकडेही याचे परिणाम दिसत आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचे वाढते हेलकावे आहेत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यावर आदळलं. नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. बागेच्या मालकाचा पंचनामा झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण त्या बागेत पिढ्यान्‌पिढ्या मजुरी करणाऱ्या माणसाच्या बुडालेल्या रोजगाराचा पंचनामा कुठल्या कागदावर होतो? सातबारा नसलेल्या माणसाचं नुकसान मोजायची पद्धतच आपल्याकडे नाही.

इथे मला माझा अनुभव सांगायचा आहे.

माझं आजोळ रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी आहे. गावातल्या बाकीच्या वाड्या वर, आमची बौद्धवाडी अगदी खाली, खाजणाच्या कडेला. माझी आजी ओहोटीला इतर बायांबरोबर चिखलात उतरायची. तिसऱ्या, मुळे, कालवं, मिळेल ते पाटीत घालून आणायची. अर्धं घरात शिजायचं, उरलेलं वाटे लावून विकलं जायचं. आमच्याकडे होडी कधीच नव्हती. मोठं जाळंही नव्हतं. आमच्या वाडीला गावात कोणी मच्छीमार म्हणत नाही. पण पावसाळ्यानंतर शेतावरचं काम संपलं की अनेक घरांची चूल या खाडीवर पेटायची, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

काही वर्षांपूर्वी एक परदेशी विद्यापीठ आणि आपल्याकडची एक संस्था यांचं संयुक्त सर्वेक्षण त्या भागात आलं. हवामान बदल आणि किनाऱ्यावरची उपजीविका हा विषय. मला स्थानिक सहायक म्हणून रोजावर काम मिळालं. प्रश्नावली इंग्रजीतून मराठीत सांगायची आणि उत्तरं टॅबवर भरायची. पहिल्याच पानावर प्रश्न होता: कुटुंबाकडे होडी किंवा जाळं आहे का? उत्तर 'नाही' आलं की टॅब थेट शेवटच्या पानावर न्यायचा. आभार मानायचे आणि पुढच्या घरी जायचं.

आमच्या वाडीतल्या एका काकींना मी हा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "होडी नाय आमची. पण खाडी हाय ना!" हे उत्तर भरायला टॅबवर जागा नव्हती. मी ही गोष्ट पथकाच्या प्रमुखांना सांगितली. जातीचा रकानाही नाही, हेही सांगितलं. ते सभ्य गृहस्थ होते. त्यांनी शांतपणे समजावलं की आराखडा आधीच मंजूर झाला आहे, नमुना मच्छीमार कुटुंबांचा आहे, आणि जात हा संवेदनशील प्रश्न असल्यामुळे तो मुद्दाम ठेवलेला नाही. पुढे अहवाल आला. त्यात त्या खाडीचा नकाशा होता, कांदळवनाचं क्षेत्र होतं, पाण्याचा खारेपणा होता, मच्छीमारांची मतं होती. आमची वाडी नव्हती. त्या अहवालानुसार खाजणाच्या कडेला कोणी राहतच नाही.

कोणी म्हणेल, एका फॉर्मवरून एवढा गहजब कशाला? याचं उत्तर तमिळनाडूच्या किनाऱ्याने दिलेलं आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत नागपट्टिनम जिल्ह्यात हाहाकार झाला. मदत आली, सरकारची आली, जगभरातून आली. ती मच्छीमारांपर्यंत पोचली. तो समाजही उद्ध्वस्त झाला होता, त्यांच्या दुःखाबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पण त्याच किनाऱ्यावर राहणारे, मासळी वाहणारे, सुकवणारे, शेतात राबणारे दलित 'मच्छीमार' या व्याख्येत बसले नाहीत. होडी बुडाली तर भरपाई, पण होडीवरची मजुरी बुडाली तर काय? मदत छावण्यांमध्ये दलितांना वेगळं काढलं गेलं, पिण्याच्या पाण्यापासून रोखलं गेलं. मृतदेह उचलण्यासाठी मात्र इतर गावांमधून सफाई कामगार आणले गेले, आणि ते कोणत्या जातीचे होते हे सांगायला नको. दलित मानवी हक्क संघटनांनी आणि पत्रकारांनी हे सगळं त्या वेळी नोंदवून ठेवलं आहे. लाटेने जात पाहिली नव्हती. जात यादीने पाहिली. आणि यादी तयार होते ती आधी केलेल्या सर्वेक्षणांवरून.

म्हणून 'मच्छीमार समुदाय', 'किनारी समुदाय' हे शब्द मला अपुरे वाटतात. समुदाय म्हटलं की आतली उतरंड झाकली जाते. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचं वर्णन श्रेणीबद्ध विषमता असं केलं. वर एक शोषक आणि खाली एक शोषित असा हा साधा हिशेब नाही. प्रत्येक पायरीवर कोणीतरी कोणाच्या तरी खाली आहे. मोठ्या ट्रॉलरच्या मालकापुढे छोटा कोळी शोषित आहे, हे खरं. किनारी रस्ते, बंदरं आणि बिल्डर यांच्यापुढे कोळीवाडे शोषित आहेत, हेही खरं. वाढवण बंदराच्या विरोधात लढणाऱ्या मच्छीमारांच्या बाजूने आपण उभं राहायलाच हवं. पण त्याच किनाऱ्यावर होडी नसलेला, जमीन नसलेला, पाणवठ्यावर शेवटी येणारा माणूसही आहे. समता शेवटच्या पायरीपर्यंत पोचत नसेल तर तिला समता म्हणता येणार नाही.

होडी नसलेल्यांना मोजता येत नाही, हा बहाणाही आता टिकत नाही. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, ड्यूक विद्यापीठ आणि वर्ल्डफिश यांनी मिळून २०२३ मध्ये 'इल्युमिनेटिंग हिडन हार्वेस्ट्स' हा अभ्यास प्रसिद्ध केला. ५८ देश आणि प्रदेशांमधली माहिती, ८०० हून अधिक अभ्यासक. जगात पकडल्या जाणाऱ्या मासळीपैकी किमान ४० टक्के मासळी छोटे मासेमार पकडतात आणि या क्षेत्रातला ९० टक्के रोजगार त्यांच्याकडे आहे, हे त्यातून पुढे आलं. महत्त्वाचं म्हणजे या अभ्यासाने मासळी सुकवणाऱ्या, विकणाऱ्या आणि फक्त घरच्या खाण्यापुरतं गोळा करणाऱ्या माणसांनाही हिशेबात धरलं. छोट्या मासेमारीत राबणाऱ्या दर दहा माणसांमागे चार बाया आहेत, हे त्यामुळेच कळलं. म्हणजे प्रश्न नीट विचारला तर माझी आजी आकड्यात येऊ शकते. तिची जात मात्र तिथेही येत नाही.

का येत नाही? कारण जागतिक विद्यापीठांच्या भाषेत वंश आहे, लिंग आहे, आदिम समाज आहेत, वसाहतवाद आहे. जात ही भारतातली स्थानिक भानगड समजली जाते, आणि परदेशी संशोधकांना भारताची ओळख करून देणारे बहुतेक भारतीय सहकारी त्यांचा हा समज दुरुस्त करत नाहीत. पण यातही एक फट पडली आहे. ज्या सिॲटलमध्ये ओशन नेक्सस सुरू झालं, त्याच सिॲटलच्या नगर परिषदेने २१ फेब्रुवारी २०२३ ला भेदभावविरोधी कायद्यात जात हा शब्द घातला. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. त्याआधी ब्रँडाइस विद्यापीठ आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठांनी तो आपल्या नियमांत घातला होता. हे आपोआप झालं नाही. तिथल्या आंबेडकरी आणि इतर जातिविरोधी कार्यकर्त्यांनी ते घडवलं. जात अमेरिकेच्या कायद्याच्या पुस्तकात जाऊ शकते, तर समुद्राच्या प्रश्नावलीत का जाऊ शकत नाही?

आता उपायांकडे येऊ. हवामान बदलावरचे उपाय आपोआप न्यायाचे असतात असं अनेकांना वाटतं. हिंदी महासागरातल्या छागोस बेटांची कथा त्यासाठी वाचली पाहिजे. दिएगो गार्सियावर अमेरिकेला लष्करी तळ द्यायचा म्हणून ब्रिटनने १९६८ ते १९७३ या काळात तिथल्या सगळ्या रहिवाशांना हुसकावून लावलं. ते मळ्यांवर राबायला आणलेल्या गुलामांचे आणि मजुरांचे वंशज. २०१० मध्ये ब्रिटनने त्या बेटांभोवती प्रचंड मोठं सागरी संरक्षित क्षेत्र जाहीर केलं. जगभरच्या पर्यावरणवाद्यांनी कौतुक केलं. नंतर फुटलेल्या राजनैतिक तारांमधून कळलं की हे क्षेत्र झालं तर रहिवाशांना परतणं जवळपास अशक्य होईल, असा हिशेब अधिकाऱ्यांनी आधीच केला होता. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने त्या क्षेत्राची घोषणा सागरी कायद्याशी विसंगत ठरवली. प्रवाळ वाचवण्याच्या नावाखाली माणसाला घराबाहेर ठेवता येतं, हे यातून शिकायचं. उद्या आपल्या खाजणात कांदळवनाचे कार्बन क्रेडिट विकले जातील, तेव्हा चिखलात उतरणाऱ्या बाया 'अतिक्रमण करणाऱ्या' ठरणार नाहीत याची हमी कोण देणार?

उलट उदाहरणही आपल्याच महाराष्ट्रात आहे. समुद्रातलं प्लास्टिक हा आज जगाचा लाडका विषय. पण प्लास्टिक समुद्रात जायच्या आधी त्याला अडवतं कोण? पुण्यात ते काम कचरावेचक बाया करतात. त्यांतल्या बहुसंख्य दलित आहेत. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून तिथल्या कार्यकर्त्या या बायांपर्यंत पोचल्या आणि १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. बायांना ओळखपत्रं मिळाली, पुढे 'स्वच्छ' ही त्यांचीच सहकारी संस्था झाली. मुळा-मुठेचं पाणी भीमेत, भीमेचं कृष्णेत आणि कृष्णेचं बंगालच्या उपसागरात जातं. या बायांनी वेचलेली प्रत्येक बाटली त्या समुद्रात जायची वाचते. विद्यापीठ आणि कष्टकरी एकत्र आल्यावर काय होऊ शकतं याचा हा पुरावा. अर्थात पुढचा प्रश्नही आहेच. कचरा वेचणं ही दलित बाईच्या नशिबी का यावं? तिच्या मुलीने समुद्रशास्त्रात पीएचडी का करू नये?

आणि इथेच खरा मुद्दा आहे. माहिती देणारे आपण आणि ज्ञान तयार करणारे ते, ही विभागणी मोडल्याशिवाय कुठलीही समता येणार नाही. ही तक्रार फक्त आपली नाही. २०२१ मध्ये प्रवाळांवरच्या संशोधनाचा आढावा घेणारा एक अभ्यास आला. इंडोनेशिया आणि फिलिपिन्समध्ये जाऊन केलेल्या संशोधनाच्या ४० टक्के निबंधांमध्ये त्या देशातला एकही शास्त्रज्ञ लेखक नव्हता. विमानाने यायचं, नमुने घ्यायचे, निबंध छापायचा. याला आता 'पॅराशूट सायन्स' म्हणतात. भारतीय विद्यापीठं या वागणुकीवर बरोबर बोट ठेवतात. पण दिल्ली-मुंबई-पुण्यातून खाडीवर उतरणारं पथक आमच्या वाडीसाठी पॅराशूटनेच आलेलं असतं.

बाबासाहेबांनी १९१८ मध्ये भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. त्या वेळचे अर्थतज्ज्ञ म्हणत होते, तुकडे लहान आहेत, ते एकत्र करा. बाबासाहेबांनी प्रश्नच उलटा केला. शेत लहान की मोठं हे नुसत्या आकारावरून ठरत नाही, त्यावर किती भांडवल आणि किती श्रम आहेत यावरून ठरतं. शेतीवर माणसांचा भार जास्त आहे आणि त्यावर उपाय औद्योगिकीकरण आहे, असं त्यांनी मांडलं. प्रश्न कोण विचारतो यावर उत्तर ठरतं, हे त्यांनी सत्तावीस वर्षांच्या वयात दाखवून दिलं. त्यासाठी ते बोटीने समुद्र ओलांडून कोलंबियाला आणि लंडनला गेले होते.

आज तो समुद्र ओलांडू पाहणाऱ्या आपल्या पोरांची अवस्था काय आहे? अनुसूचित जातींसाठी असलेल्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या नियमांत २०२२ मध्ये एक अट घालण्यात आली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीतून वगळले गेले. म्हणजे बौद्धवाडीतली मुलगी परदेशी विद्यापीठात लाटांची उंची अभ्यासू शकते, पण ती लाट कोणाच्या घरात आधी शिरते आणि का, हा अभ्यास सरकारी शिष्यवृत्तीवर करू शकत नाही. इकडे राज्यात बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधकांना आझाद मैदानात बसावं लागतं. समुद्रावरच्या समतेची लढाई या दोन ठिकाणांहून सुरू होते.

म्हणून आंबेडकरी तरुणांना माझं सांगणं आहे. समुद्रशास्त्र, मत्स्यविज्ञान, हवामानशास्त्र, किनारी कायदा या शाखांकडे वळा. आपल्याकडे वकील आहेत, कवी आहेत, प्राध्यापक आहेत. आता मच्छीमारी धोरणाचा मसुदा वाचून त्यातली चूक दाखवणारी माणसं हवीत. किनारी जिल्ह्यांतल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या वाड्यांची नोंद स्वतः करावी: किती घरं भरतीच्या रेषेजवळ आहेत, किती बाया खाडीवर अवलंबून आहेत, मागच्या वादळात कोणाला किती मिळालं. कुठलंही विद्यापीठ सर्वेक्षणाला आलं तर चार प्रश्न आधी आपण विचारायचे. जातीचा रकाना आहे का? होडी आणि सातबारा नसलेल्यांची मोजणी होणार का? संशोधकांमध्ये आमचं कोणी आहे का? अहवाल आमच्या भाषेत आम्हाला मिळणार का? उत्तरं समाधानकारक नसतील तर सहकार्य नाकारण्याचा हक्क आपल्याला आहे.

आणि परिवर्तनाची भाषा बोलणाऱ्या विद्यापीठांना एवढंच सांगायचं आहे की तुमचं काम महत्त्वाचं आहे, त्याचे आकडे आम्हाला हवे आहेत. पण आमच्याविषयीचा निर्णय आमच्याशिवाय घेण्याची सवय या देशाला फार जुनी आहे. ती सवय समतेच्या नावाने परत येत असेल तर आम्ही ती ओळखू. चवदार तळ्यावर आम्ही कोणाची परवानगी मागितली नव्हती. खाडीवरही मागणार नाही.

जय भीम!